इंग्रजी बोलताना अडतं कुठे? नाशिकच्या शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे, निफाड-दिंडोरीहून द्राक्षं परदेशी पाठवणारे, कॉलेज रोडला मुलाखतींची तयारी करणारे. वर्गाला माणसं तऱ्हेतऱ्हेची येतात, प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत, त्यामुळे उच्चारही लगेच कळेल. माझं मत असं की आपल्या बहुतेक चुकांचं मूळ मराठीत असतं: वाक्य मराठी साच्यात तयार होतं आणि वरून इंग्रजी शब्द चिकटतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी मराठीत आपण काय म्हणतो ते पाहिलं आहे.

‘सिन्स’ कधी आणि ‘फॉर’ कधी?

मराठीत दोन्हीला ‘पासून’. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘2022 पासून’. त्यामुळे ‘सिन्स टू इयर्स’ तोंडात घट्ट बसलंय. सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर सिन्स: ‘सिन्स 2022’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स दिवाळी’. किती काळ झाला ते सांगायचं असेल तर फॉर: ‘फॉर टू इयर्स’, ‘फॉर अ वीक’.

त्याच्या पोटात दुसरी चूक दडलेली असते. ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय’ हा आपल्याकडे चालू वर्तमानकाळ, म्हणून आपण ‘आय ॲम वर्किंग हिअर’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. तेव्हा सुरू झालं आणि आजही चालू आहे, हे ‘हॅव बीन’ सांगतं. ती नोकरी सोडली असेल तर मात्र ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’. तिथे ‘हॅव बीन’ लावलंत तर तुम्ही अजून तिथेच आहात असं समोरचा धरून चालेल, आणि मग नोटीस पीरियड किती हे विचारेल. मुलाखतीत अनुभवाचा प्रश्न चुकत नाही, तेव्हा ही दोन वाक्यं सरळ पाठ करून टाका.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ यात चुकलं काय?

भाऊ असणं ही चालू असलेली क्रिया नाही. असणं, माहीत असणं, आवडणं, समजणं, हवं असणं, यांना इंग्रजीत सहसा ‘इंग’ लागत नाही. ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ‘आय नो हिम’. ‘मला समजत नाहीये’ यातल्या ‘नाहीये’मुळे ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ येतं.

पण ‘वी आर हॅविंग मिसळ’ बिनधास्त म्हणा. तिथे ‘हॅव’ म्हणजे खाणं, आणि रविवारी सकाळी ते नाशिकभर चालूच असतं.

नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ म्हणायचं की ‘नो’?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. व्याकरण चुकलं तर लोक समजून घेतात, इथे चुकलं तर अर्थच उलटा होतो.

समजा परदेशातल्या कस्टमरचा फोन आहे. तो विचारतो, ‘सो यू हॅवन्ट डिस्पॅच्ड द मटेरियल?’ माल अजून गोडाऊनलाच आहे. आपण मराठीच्या सवयीने म्हणतो, ‘येस सर.’ आपल्या मनात असतं, ‘हो, तुम्ही म्हणताय ते बरोबर, नाही पाठवलं.’ मराठीत ‘हो’ किंवा ‘नाही’ हे समोरच्याच्या बोलण्याला दिलेलं उत्तर असतं. ‘तू जेवला नाहीस ना अजून?’ याला ‘हो, नाही जेवलो’ हे अगदी सरळ उत्तर. इंग्रजीत मात्र प्रश्न कसा विचारला याच्याशी देणंघेणं नाही, प्रत्यक्षात काय घडलं तेवढं बघायचं. पाठवलं असेल तर ‘येस, वी हॅव’. पाठवलं नसेल तर ‘नो, वी हॅवन्ट’. नुसतं ‘येस’ ऐकून कस्टमर गोंधळतो, किंवा माल निघाला असं समजून पुढची तयारी करतो, आणि दोन दिवसांनी जे व्हायचं ते होतं.

पळवाट हवी असेल तर ‘येस-नो’ सोडूनच द्या आणि पूर्ण वाक्य बोला: ‘वी विल डिस्पॅच इट टुमॉरो.’ गोंधळाला जागाच उरत नाही.

याच जातीचं आणखी एक. ट्रेनमध्ये कुणी विचारलं, ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ आणि बसू द्यायचं असेल, तर उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल’. ‘माझी काही हरकत नाही’ असं. ‘येस, येस’ म्हणून हसत सरकलात, तर शब्द एक सांगतात आणि तुम्ही दुसरंच करताय.

मी ‘ओन्ली’ फार वापरतो असं सगळे म्हणतात. का?

आपल्या ‘च’मुळे. ‘मी इथेच राहतो’ म्हणून ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’. ‘त्यानेच सांगितलं’ म्हणून ‘ही ओन्ली टोल्ड’. ‘च’ इतका सोयीचा आहे की तो कुठेही चिकटतो आणि जोर देतो. इंग्रजीत हे काम बहुतेक वेळा आवाज करतो. ‘ही टोल्ड मी’ म्हणताना ‘ही’ जरा दाबून म्हणा, झाला ‘त्यानेच’. लिहिताना आवाज नसतो, तेव्हा ‘इट वॉज ही हू टोल्ड मी’ किंवा ‘ही टोल्ड मी हिमसेल्फ’. पहिलं जरा पुस्तकी वाटतं, दुसरं बोलण्यातही चालतं. ‘इथेच राहतो’ला ‘आय लिव्ह राइट हिअर’.

‘छोटे छोटे तुकडे’, ‘गरम गरम भजी’ हेही तसंच. ‘स्मॉल स्मॉल पीसेस’ म्हटलेलं इंदिरानगरला कळेल, इंग्लंडमध्ये नाही. ‘व्हेरी स्मॉल पीसेस’, ‘पायपिंग हॉट’.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ कधीच नीट जमत नाहीत. काही युक्ती?

आहे, शंभर टक्के खात्रीची नसली तरी. ‘मी एका कंपनीत लागलो. ती कंपनी अंबडला आहे.’ पहिल्या वाक्यातला ‘एका’ म्हणजे ‘अ’, दुसऱ्यातली ‘ती’ म्हणजे ‘द’. ऐकणाऱ्याला कोणती ते अजून माहीत नाही तेव्हा ‘अ’. एकदा ओळख झाली की ‘द’. मराठी वाक्यात ‘एक’ किंवा ‘तो-ती-ते’ मनातल्या मनात घालून बघा. बसला, तर इंग्रजीतही बहुधा काहीतरी लागतंच.

‘अ’ की ‘ॲन’ हे कानाने ठरवायचं, स्पेलिंग पाहून नाही. ‘ॲन अवर’, कारण त्यातला एच मुका. ‘अ युनिव्हर्सिटी’, कारण तोंडातून ‘यु’ बाहेर पडतो. ‘अ यूपीआय पेमेंट’, पण ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’ आणि ‘ॲन एचएएल एंजिनिअर’. ओझरची मंडळी हे शेवटचं उदाहरण लगेच लक्षात ठेवतात.

जागांच्या नावांचं असं: नाशिक, त्र्यंबक रोड, अंजनेरी यांना काही नको. नदीला ‘द’ लागतो, ‘द गोदावरी’. डोंगररांगेला आणि समुद्रालाही लागतो. एकट्या डोंगराला लागत नाही. का, असं विचारू नका. मलाही पटेल असं उत्तर कुठे मिळालेलं नाही.

‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ यांत खरंच फरक आहे?

आहे, आणि नाशिकमध्ये तरी तो यायलाच हवा. ‘वाइन’ म्हणजे पेयाची बाटली, ‘व्हाइन’ म्हणजे वेल. आपला ‘व’ या दोघांच्या मधला. ‘वाइन’साठी शीळ घालायच्या बेतात असल्यासारखे ओठ गोल करा, दात कुठेच टेकवू नका. ‘व्हाइन’साठी वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवा आणि आवाज सोडा. आरशासमोर केलं की लवकर येतं.

आता खरी गंमत. गंगापूर धरणाकडे जाताना जिचा बोर्ड दिसतो त्या जागेला आपण सगळे ‘वाइनयार्ड’ म्हणतो. शब्द ‘व्हाइन’वरून आलाय, वाइनवरून नाही, आणि उच्चार होतो ‘व्हिन्यर्ड’. पर्यटकांना बागा दाखवायची नोकरी करणाऱ्यांनी हा एक शब्द आधी सुधारावा. दिवसातून पन्नास वेळा तोच म्हणायचा असतो.

दुसरी जोडी ‘प्राइस’ आणि ‘प्राइझ’, किंमत आणि बक्षीस. ‘स’ म्हणत राहा आणि तसंच गळ्यातून आवाज सुरू करा. माशी गुणगुणल्यासारखं ऐकू आलं की इंग्रजी ‘झेड’ मिळाला. आपला ‘जरा’मधला ‘ज’ त्याच्या जवळ जातो, ‘जीवन’मधला जात नाही.

आघातही बघा. ‘एक्स्पोर्ट’ हे नाम असेल तर जोर ‘एक्स’वर. ‘वी एक्स्पोर्ट ग्रेप्स’ म्हणताना, म्हणजे क्रियापद असताना, जोर ‘पोर्ट’वर. ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’ यांचंही असंच होतं. मराठीत जोर हलवून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान इकडे लक्षच देत नाही.

‘डिड’नंतर ‘वेन्ट’ का नाही?

भूतकाळ एका वाक्यात एकदाच दाखवायचा. तो ‘डिड’ने दाखवला की पुढे साधं ‘गो’. ‘आय डिडन्ट गो’, ‘डिड यू गो?’

आणखी कोणत्या चुका रोज ऐकू येतात?

घाईत सांगतो. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’, शेवटी ‘स’ हवाच, कारण अनेकांपैकी एक. ‘इक्विपमेंट’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’, ‘मशिनरी’ यांना ‘स’ नको. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको, ‘रीच’पुढे ‘टू’ नको: ‘आय रीच्ड नाशिक रोड ॲट सिक्स’. उलट ‘एक्स्प्लेन’पुढे ‘टू’ हवा: ‘एक्स्प्लेन इट टू मी’. परीक्षा आपण मराठीत ‘देतो’, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. लाइट ‘क्लोज’ होत नाही, ‘टर्न ऑफ’ होतो. उसनं घेणं ‘बॉरो’, उसनं देणं ‘लेंड’. आणि ओळख करून देताना ‘मायसेल्फ गणेश’ नको, ‘आय ॲम गणेश’ पुरे.

ऑफिसातून निघताना ‘येतो सर’ला ‘आय कम, सर’ म्हणणारे मी ऐकलेत. ‘जातो’ म्हणणं आपल्याकडे अशुभ, पण इंग्रजीला हा विधिनिषेध नाही. ‘आय ॲम लीव्हिंग, सर. सी यू टुमॉरो.’

‘कितवा’ला इंग्रजीत शब्द काय?

पंचवटीत हा प्रश्न रामापासून सुरू होतो: राम दशरथाचा कितवा मुलगा? एका शब्दात उत्तर नाही, आणि ज्यांनी इंटरनेटवर शोधून आणलंय त्यांचं वाक्य ऐकून इंग्रजाच्याही कपाळावर आठ्या पडतील. प्रश्न वळवून विचारायचा. ‘इज राम द एल्डेस्ट?’ किंवा ‘व्हेअर डज ही कम अमंग द ब्रदर्स?’ राष्ट्रपतींचा क्रमांक विचारायचा तर सरळ ‘व्हॉट नंबर प्रेसिडेंट’ असंही लोक विचारतात.

मी ‘प्लीज’ म्हणतो, तरी ईमेल उद्धट वाटतो असं साहेब म्हणतात.

‘जरा फाईल पाठवता का?’ या वाक्यात ‘जरा’ आहे, ‘पाठवता’मधला आदर आहे, शेवटी ‘का’ आहे. ‘प्लीज सेंड द फाईल’मध्ये यातलं काहीच येत नाही. तो आदेशच राहतो, पुढे ‘प्लीज’ लावलेला. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक इंग्रजीत नाही, त्यामुळे सगळा मान ‘कुड’ आणि ‘वुड’वर येऊन पडतो. ‘कुड यू सेंड मी द फाईल बाय फाइव्ह?’ एवढं बदललं तरी साहेबांची तक्रार थांबेल.

‘मिस्टर’ नेहमी आडनावापुढे. आपल्या ‘विजयराव’च्या चालीवर ‘मिस्टर जॉन’ म्हणू नका. आणि नाव माहीत असताना ‘डिअर सर’ लिहू नका, समोर बाई असू शकते. परदेशी कंपन्यांत मोठ्या साहेबालाही पहिल्या नावाने हाक मारतात. जीभ अडखळते खरी, पण दोन-तीन मेलनंतर सवय होते.

फोन उचलल्यावर ‘बोला’ला काय म्हणू?

‘टेल’ किंवा ‘टेल मी’ नको, ते उलटतपासणीसारखं वाटतं. ‘हाउ कॅन आय हेल्प यू?’, ओळखीचा असेल तर नुसतं ‘हाय’. ‘कोण बोलतंय?’साठी ‘हू आर यू?’ अजिबात नको. ‘मे आय नो हूज कॉलिंग?’

‘प्रीपोन’, ‘पास आउट’, ‘डू द नीडफुल’ हे सगळं चूक का?

सगळ्याला एकच उत्तर नाही. ‘प्रीपोन’ शब्दाला मी तरी चूक म्हणणार नाही; तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे आणि अर्थ चटकन पोचतो. फक्त परदेशी माणूस एखादवेळी थबकेल, त्याच्यासाठी ‘मूव्ह इट अर्लिअर’ म्हणा. ‘डू द नीडफुल’ हे जुनं ब्रिटिश कचेरीतलं इंग्रजी. तिकडे मागे पडलं, आपल्या अर्जांत टिकलं. तलाठ्याला लिहिताना चालेल, लंडनच्या खरेदीदाराला लिहिताना नेमकं काय करायचं तेच लिहा.

‘आय पास्ड आउट इन 2019’ मात्र जपून. ब्रिटनमध्ये लष्करी शिक्षण संपवून बाहेर पडण्याला ‘पास आउट’ म्हणतात. एरवी त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. ‘आय ग्रॅज्युएटेड इन 2019’ म्हणा. ‘आय हॅव अ डाउट’ हेही आपलंच. शंका म्हणून आपण डाउट म्हणतो, ऐकणाऱ्याला अविश्वास वाटतो. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ पुरे. ‘कझिन ब्रदर’बद्दल मला सहानुभूती आहे: चुलत, मामे, आते, मावस इतकी नाती ज्या भाषेत एका ‘कझिन’मध्ये कोंबलीत, तिथे निदान भाऊ की बहीण एवढं तरी कळावं असं कुणालाही वाटेल. तरी लिहिताना ‘कझिन’च लिहा.

माझा साधा नियम: आपसांत बोलताना भारतीय इंग्रजी बिनदिक्कत वापरा, बाहेर लिहिताना ज्या शब्दाने अर्थ बदलतो तेवढा बदला.

ब्रिटिश शिकू की अमेरिकन?

शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलात, तेच ठेवा. ‘कलर’मधला ‘यू’ काढण्यासारखे बदल अमेरिकेत रुजले ते नोआ वेबस्टरमुळे, त्याचा मोठा कोश 1828 चा. एका मेलमध्ये दोन्ही मिसळू नका, एवढंच.

खरा धोका स्पेलिंगमध्ये नसून आकड्यांत आहे. 3/4 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च. कंटेनरची तारीख अशी लिहाल तर महिन्याचा घोळ होईल. महिना अक्षरांत लिहा. लाख-कोटी बाहेर कळत नाही: 10 लाख म्हणजे 1 मिलियन, 1 कोटी म्हणजे 10 मिलियन, आणि स्वल्पविरामही वेगळा पडतो, 10,00,000 ऐवजी 1,000,000. लासलगावचा कांद्याचा भाव क्विंटलमध्ये असेल, तर बाहेर सांगताना 100 ने भागून किलोत सांगा. आणि ब्रिटिश माणूस ‘हाफ फोर’ म्हणाला तर साडेचार समजा, साडेतीन नाही.

मी मराठी माध्यमाचा, वयही झालं. आता जमेल का?

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीला भेटायचं, तेही बहुतेक फळ्यावर. तेव्हा चाळिशीच्या माणसाचं बोलणं अडलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. वाचता येतं, लिहिता येतं, फक्त तोंड उघडायची वेळ कधी आली नाही. असे विद्यार्थी लवकर पुढे जातात, कारण शब्द आत साठलेले असतात. ‘तीस दिवसांत फाडफाड’ असं लिहिलेल्या पाट्यांकडे मात्र बघू नका.

घरी करायचं तर एकच सांगतो. स्वतःच्या कामाबद्दल मोबाईलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा: आज मशीन का थांबलं, बागेत फवारणी कशाची केली. मग ऐका आणि जिथे अडलात तेवढी तीन-चार वाक्यं नीट करून पुन्हा बोला. क्रिकेट किंवा हवामानावर बोलायचा सराव पुस्तकात असतो. कामावर तुम्हाला कॉम्प्रेसरबद्दलच विचारणार आहेत.

इंग्रजीत नाशिकचा एखादा शब्द आहे का?

आहे, ‘डूलाली’. आपल्या देवळालीचाच तो अपभ्रंश. ब्रिटिश सैन्यातले मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत थांबायचे. जहाजं वर्षाच्या ठरावीक महिन्यांतच सुटायची, त्यामुळे मुक्काम लांबायचा. काम नाही, ऊन, आजारपण. काहींचं डोकं फिरायचं. त्याला सैनिकांच्या बोलीत ‘डूलाली टॅप’ नाव पडलं, आणि हा ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे ‘टॅप’ गळला, ‘डूलाली’ राहिला. ब्रिटनमध्ये आजही डोकं फिरलेल्या माणसाला ‘ही हॅज गॉन डूलाली’ म्हणतात. शब्द बोलीतला आहे आणि थोडा टोचणाराही, तेव्हा ऑफिसच्या मेलमध्ये नको. पण इंग्लंडचा पाहुणा देवळाली कॅम्पला जेवायला आला, तर त्याला जरूर सांगा.